अंगावरून जायला लागलं तर: गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत काय बघायचं, कुठं जायचं, काय विचारायचं

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा, लाईट गेलेली, आम्ही सगळे गच्चीवर, आणि शेजारची सून खाली दारात येऊन उभी. "काकू, डाग पडलालंय," एवढंच बोलली आणि रडायलाच लागली. सातवा आठवडा चालू होता. घरात सासूबाईंनी निकाल देऊन टाकलेला, गेलं आता, सकाळी जाऊन पिशवी साफ करून येऊ. सकाळी सोनोग्राफीत ठोके दिसले. ते पोरगं आता घरभर पळतंय.

माझ्या नात्यातल्या एकीचं अगदी उलटं झालं. तिला थोडासाच तपकिरी डाग होता, सगळे म्हणाले उष्णता झाली असंल, सब्जा घालून पाणी पी, पडून राहा. तिसऱ्या दिवशी मोरीत चक्कर येऊन पडली. गर्भ पिशवीत नव्हताच, नळीत होता, नळी फुटलेली आणि पोटात सगळं रक्त. ऑपरेशन झालं, रक्ताच्या बाटल्या चढवल्या, वाचली.

दोन्ही घरांत चूक एकच झाली, रक्ताकडे बघून घरच्या घरी निकाल लावला. मी सोलापुरात एका मॅटर्निटी होममध्ये २२ वर्षं सिस्टर होते, आणि माझं स्वतःचं पहिलं नवव्या आठवड्यात गेलंय, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते. किती लाल आहे, किती जातंय यावरून आत काय चाललंय ते डॉक्टरलाही कळत नाही, तपासावंच लागतं. हे लिहिलेलं डॉक्टरच्या जागी धरू नका, डॉक्टरकडे जाईपर्यंत आणि गेल्यावर उपयोगी पडावं म्हणून आहे.

पहिली दहा मिनिटं

डाग दिसला की आधी पॅड लावा आणि घड्याळात वेळ बघून ठेवा. जुनं मऊ सुती कापड वापरायची सवय असते बऱ्याच जणींना, स्वच्छ असेल तर त्यानं काही बिघडत नाही पण किती जातंय ते मोजता येत नाही, पॅडवर मोजता येतं. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारणार, तासाला किती पॅड, अर्धं भिजतंय का पूर्ण, गाठी पडतात का, रंग तपकिरी का लालभडक. मोबाईलमध्ये लिहून ठेवा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत भीतीनं काही आठवत नाही आणि बरोबर आलेली माणसं तिसरंच सांगतात. आत काही घालायचं नाही, टॅम्पॉन नाही, कप नाही, आणि पाण्यानं आतून धुवायचंही नाही.

मग तीन गोष्टी शोधा. शेवटची पाळी कुठल्या तारखेला आली, तुमचा ब्लड ग्रुप कुठला, आणि आधी सोनो झाली असेल तर ती फाईल. दिवस मोजताना एक घोळ नेहमी होतो. घरात म्हणतात दीड महिना झाला, कुणी पाळी चुकल्यापासून मोजतं कुणी टेस्ट केल्यापासून, डॉक्टर मात्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात. म्हणजे पाळी चुकली त्या दिवशीच चार आठवडे झालेले असतात. हा हिशोब चुकला तर सोनोचा अर्थही चुकतो, ते पुढं सांगते.

पोट दुखत असेल तर साधी पॅरासिटामॉल चालते. बाकीच्या दुखण्याच्या गोळ्या, अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन, असलं काही स्वतःच्या मनानं घेऊ नका. रक्त थांबवायची गोळी मेडिकलवाल्याला विचारून आणायची आणि दोन दिवस बघायचं, हे तर अजिबात करू नका. रक्त का जातंय ते कळायच्या आधी ते थांबवून काय उपयोग?

सकाळची वाट बघायची नाही असं कधी

पॅड तासाभरात पूर्ण भिजतंय आणि लागोपाठ दोन तास तसंच चाललंय, मोठ्या गाठी पडतात, चक्कर येते, उभं राहिलं की डोळ्यापुढं अंधारी, दरदरून घाम, हातपाय गार. पोटात एकाच बाजूला जोरात दुखतंय, किंवा खांद्याच्या टोकाला दुखतंय. ताप १००.४ च्या वर आणि अंगावरून घाण वास. यातलं एक जरी असलं तरी रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

१०८ ला फोन करा, फुकट आहे. मोटरसायकलवर मागं बसवून नेऊ नका. गाडीच्या धक्क्यानं काही होतं म्हणून नाही सांगत, चक्कर आलेली बाई मागच्या सीटवरून पडते म्हणून सांगतेय, असं झालेलं बघितलंय मी. सोलापूर शहरात असाल तर सिव्हिलला, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, स्त्रीरोग विभाग चोवीस तास असतो. खासगीत जाणार असाल तर निघायच्या आधी फोन करून विचारा, आत्ता सोनो होईल का, ऑपरेशन आणि रक्ताची सोय आहे का. नुसतं जवळ आहे म्हणून छोट्या दवाखान्यात गेलं, तिथून दुसरीकडं पाठवलं, तिथून तिसरीकडं, यात लै वेळ जातो. अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळ्याकडच्यांनी तर हे आधीच ठरवून ठेवावं, अक्कलकोटहून सोलापूर साधारण ४० किलोमीटर, बाकीची गावं त्याहून लांब.

नळीतला गर्भ

यावर जरा जास्त लिहिते, कारण जीव जातो तो इथं. शंभरातल्या एक-दोन गरोदरपणांत गर्भ पिशवीच्या बाहेर रुजतो, बहुतेक वेळा नळीत. नळी बारीक, तिला ताणायला जागा नाही, मग साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या सुमाराला ती फुटू शकते. रक्त आत पोटात साठतं, म्हणून बाहेर पॅडवर थोडंसंच दिसतं आणि सगळे निर्धास्त राहतात. पोटात साठलेलं रक्त वर छातीखालच्या पडद्याला लागलं की दुखणं खांद्यात जाणवतं. बाई म्हणते खांदा भरून आला, घरचे झंडू बाम लावतात.

आधी एकदा नळीत राहिलेलं असेल, नळीचं किंवा पोटातलं काही ऑपरेशन झालं असेल, पूर्वी पिशवीला नळीला इन्फेक्शन झालं असेल, किंवा कॉपर-टी आत असताना दिवस गेले असतील तर धोका जास्त. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेल्या बाईलाही क्वचित दिवस जातात, आणि तसे गेले तर नळीत असण्याची शक्यता वाढलेली असते. ऑपरेशन झालंय म्हणून पाळी चुकल्याकडं दुर्लक्ष करू नका, शंभर रुपयाच्या आतली टेस्ट आहे, करून टाका. आणि कसलेही धोके नसलेल्या बायकांतही नळीत गर्भ राहतोच.

लवकर सापडलं, नळी फुटलेली नसली, तर काही जणींना मेथोट्रेक्सेट नावाच्या इंजेक्शनवर भागतं, नाहीतर दुर्बिणीतून ऑपरेशन. एक नळी काढली तरी दुसऱ्या नळीवर पुढं दिवस जातात.

आणि हे हात जोडून सांगते. नको असलेले दिवस गेले म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्यांचं किट आणून घेतात, त्या गोळ्या नळीतल्या गर्भावर काम करत नाहीत. रक्त जातं, वाटतं झालं, आणि आत नळी ताणतच राहते. नको असेल तर तो तुमचा निर्णय, कायद्यानं सोय आहे, पण आधी गर्भ कुठं आहे ते सोनोत बघून मगच गोळी.

सगळं ठीक असतानाही रक्त जातंय असं का होतं

पहिल्या तीन महिन्यांत चारातल्या एकीला तरी थोडंफार रक्त दिसतं, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचं पुढं नीट चालतं. सोनोत ठोके दिसले असतील तर साधारण दहातल्या नऊ जणींचं.

गर्भ पिशवीच्या अस्तरात रुजताना, म्हणजे पाळी यायच्या सुमारालाच, एक-दोन दिवस गुलाबी-तपकिरी डाग पडतो, तेवढं बऱ्याच जणींना पाळीच वाटतं आणि तारीख चुकते. पिशवीचं तोंड या दिवसांत नाजूक झालेलं असतं, संबंध आल्यावर किंवा आतून तपासल्यावर डाग पडू शकतो, तिथं बारीक कोंब असला, इन्फेक्शन असलं, तरी रक्त येतं. कधी सोनोच्या रिपोर्टवर गर्भाच्या पिशवीशेजारी रक्त साठलंय असं लिहून येतं, ते वाचून घरात रडारड होते, पण लहान असेल आणि ठोके चांगले असतील तर बहुतेक वेळा ते हळूहळू जिरतं किंवा तपकिरी डाग होऊन निघून जातं.

एक वेगळा प्रकार म्हणजे द्राक्षाच्या घडासारखा गर्भ. बाळाऐवजी वारेचंच ऊतक फुगत जातं, उलट्या भयंकर, रक्त जात राहतं आणि बीटा एचसीजी, म्हणजे दिवस गेल्यावर रक्तात वाढणारं हार्मोन, खूप वाढलेलं. दुर्मिळ आहे, पण पिशवी रिकामी केल्यावरही काही महिने बीटा एचसीजी परत परत बघावं लागतं आणि डॉक्टर सांगतील तोवर दिवस जाऊ द्यायचे नसतात. तेवढे फेरे चुकवू नका.

सोनोग्राफी आणि बीटा, काय विचारायचं

सोनोला जाताना आधार कार्ड घ्या, गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोचा फॉर्म भरावाच लागतो, कायदाच आहे, त्यात डॉक्टरला नावं ठेवू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत खालून सोनो करतात, म्हणजे योनीमार्गातून. रक्त जात असताना ती केली तर गर्भ पडेल असं घरचे म्हणतात, तसं काही होत नाही, उलट पोटावरून जे दिसत नाही ते तिथून स्वच्छ दिसतं. खालून करायची असेल तर लघवी करून जायचं, पोटावरून असेल तर भरलेली लागते. लाज वाटत असेल तर लेडी डॉक्टर आहेत का विचारा, हक्कानं विचारा.

खालून केलेल्या सोनोत साधारण पाचव्या आठवड्यात गर्भाची पिशवी दिसते, सहाव्या-साडेसहाव्या आठवड्यात ठोके. आता मघाचा तारखेचा घोळ इथं येतो. पाळी अनियमित असेल, तारीख दहा दिवस इकडंतिकडं असेल, तर तुम्ही म्हणता सात आठवडे आणि असतात साडेपाच. मग ठोके दिसणार कसे? "ठोके नाहीत" ऐकल्या ऐकल्या पिशवी साफ करायला तयार होऊ नका, दोन आकडे विचारा. गर्भाची लांबी ७ मिलीमीटर किंवा जास्त असून ठोके नसतील, किंवा गर्भाभोवतीची पिशवी २५ मिलीमीटर किंवा मोठी असून आत गर्भच दिसत नसेल, तेव्हाच एका सोनोवर गर्भ गेलाय असं धरतात, आणि तरी दुसऱ्या डॉक्टरकडून खात्री करून घेतली तर चांगलंच. त्याहून लहान असेल तर सात ते चौदा दिवसांनी परत सोनो. ते आठ-दहा दिवस काढणं फार अवघड असतं, मी काढलेत, पण ठीक असलेला गर्भ घाईत काढून टाकण्यापेक्षा ते बरं. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

सोनोत पिशवीत काहीच दिसलं नाही तर बीटा एचसीजी ही रक्ताची तपासणी करतात. एकट्या आकड्याला अर्थ नाही, शेजारणीचा इतका होता माझा एवढाच का असं करत बसू नका. ४८ तासांनी त्याच लॅबमध्ये परत करायची आणि वाढतोय किती ते बघायचं. चांगल्या गर्भात दोन-तीन दिवसांत तो दुपटीच्या आसपास जातो, मंद वाढला किंवा घुटमळला तर नळीत आहे का हा संशय घ्यावा लागतो, घसरत गेला तर बहुतेक गर्भ जातोय, तरी शून्याला येईपर्यंत लक्ष ठेवावं लागतं. याबरोबर हिमोग्लोबिन आणि ब्लड ग्रुप. आपल्याकडं हिमोग्लोबिन आधीच नऊ-दहा असलेल्या बायका किती, त्यात रक्त गेलं की लगेच खाली येतं.

ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर अँटी-डी इंजेक्शनचं विचाराच, लागणार असेल तर ७२ तासांच्या आत. अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत द्यायचं का नाही यावर सगळीकडं एकमत नाही, आपल्याकडचे डॉक्टर बहुतेक देतात. कारण पुढच्या बाळाचं असतं. आत्ताच्या बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं तर आईच्या अंगात त्याविरुद्ध ताकद तयार होते आणि ती पुढच्या बाळाच्या रक्तावर उठते. शेजारच्या त्या पोरीला त्या रात्री मी ब्लड ग्रुप विचारला तर घरात कुणालाच माहीत नव्हता.

ठोके आहेत पण रक्त जातंय

मग घरी जायचं आणि वाट बघायची, हेच खरं औषध, ऐकायला कुणाला आवडत नाही. पायाखाली विटा ठेवून कॉट उंच करणं, महिनाभर अंथरुणातून न उठणं, यानं गर्भ टिकतो असं कुठल्याही चांगल्या अभ्यासात दिसलेलं नाही, उलट नुसतं पडून राहिल्यानं पायात रक्ताच्या गाठी व्हायची भीती. रक्त जातंय तोवर जड उचलू नका, संबंध टाळा, थकलात तर झोपा, बाकी घरात फिरा, आंघोळ करा, चार घास नीट जेवा.

टिकवायचं इंजेक्शन, टिकवायच्या गोळ्या, म्हणजे प्रोजेस्टेरॉन. सरसकट सगळ्यांना देतात, पण २०१९ साली ब्रिटनमध्ये ४ हजारांवर बायकांवर मोठा अभ्यास झाला, त्यात सरसकट फायदा दिसला नाही. ज्यांचा आधी गर्भपात झालेला आहे आणि आता परत रक्त जातंय त्यांच्यात फायदा दिसला, आधी जितके जास्त वेळा गेलेले तितका जास्त. म्हणून डॉक्टरला आधीचं सगळं खरं सांगा, लग्नाच्या आधीचं असलं तरी, सासूबाईंना बाहेर बसायला सांगून सांगा.

तुमच्यामुळं गेलं नाही

कळलेल्या शंभर गरोदरपणांतली दहा ते वीस अशी जातात, आणि त्यातली बहुतेक बाराव्या आठवड्याच्या आत. निम्म्याच्या आसपास गर्भांत मुळातच क्रोमोसोमची चूक असते, बीज एकत्र येतानाच एखादा जास्तीचा किंवा कमी पडलेला, तो गर्भ वाढूच शकत नाही. वयाप्रमाणं हे वाढतं, तिशीच्या आत शंभरात दहाच्या आसपास, चाळिशीला तिसऱ्या हिश्श्याच्या पुढं.

आपल्याकडं मात्र कारण ठरलेलं असतं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, रात्री उठून पाणी भरलं, घागर उचलली म्हणून गेलं. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत फिरली म्हणून गेलं, एसटीत बसून माहेरी गेली, पिकलेल्या पपईची फोड खाल्ली, स्कुटी चालवली, नवऱ्याशी भांडली. यातल्या कशानंच चांगला वाढणारा गर्भ पडत नाही. मी बायकांना हे शेकडो वेळा सांगितलंय आणि माझ्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं, मी वर्षभर त्या एका बादलीचा विचार करत बसलेली.

ज्यानं खरंच धोका वाढतो ते वेगळंच आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. कंट्रोलमध्ये नसलेली शुगर, न तपासलेला थायरॉईड, जास्त वजन, दारू, आणि तंबाखू. मिश्री तंबाखूच आहे, दात घासायची पावडर नाही, दिवसातनं चार वेळा मिश्री लावणारी बाई चार वेळा तंबाखू घेते. विड्या वळणाऱ्या बायकांच्या तर हातातोंडात दिवसभर तंबाखूच. दिवस गेलेत कळलं की शक्य असेल त्यांनी ते काम काही महिने बाजूला ठेवावं, नसेल शक्य तर निदान उघड्या हवेत बसा, जेवायच्या आधी साबणानं हात धुवा, तंबाखूचं सूप झोपायच्या खोलीत ठेवू नका. पोटासाठी करतात, मला माहितीय, म्हणून बंद करा असं नुसतं सांगून मला पुढं जाता येत नाही.

गर्भ गेलाय हे नक्की झाल्यावर

तीन रस्ते असतात, आणि जोरात रक्तस्राव किंवा इन्फेक्शन नसेल तर निवडायचा हक्क तुमचा. आमच्या वेळी विचारायचेच नाहीत, थेट क्युरेटिंग, म्हणजे पिशवी खरवडून साफ.

एक, आपोआप पडायची वाट बघणं, एक-दोन आठवडे. बऱ्याच जणींचं होऊन जातं, दवाखाना लागत नाही, पण कधी होईल ते सांगता येत नाही आणि काही जणींचं अर्धं राहतं. दुसरा, गोळ्या. आधी मिफेप्रिस्टोन, मग एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल, डॉक्टरनं सोनो बघून दिलेल्याच. दुसऱ्या गोळीनंतर काही तासांत कळा सुरू होतात, पाळीपेक्षा जास्त दुखतं, गाठी पडतात, थंडी वाजते, जुलाब होतात. त्या दिवशी घरात मोठं माणूस पाहिजे, पॅड भरपूर, दुखण्याची गोळी आधीच विचारून ठेवलेली, आणि पाणी भरलेलं, नाहीतर नेमकं त्याच दिवशी नळ नसतो. मघाचं पॅडचं मोजमाप इथंही तेच, लागोपाठ दोन तास पूर्ण भिजलं की दवाखाना.

तिसरा, पिशवी साफ करणं. यातही पद्धत विचारा. लोखंडी क्युरेटनं खरवडण्यापेक्षा सक्शननं, म्हणजे व्हॅक्यूमनं काढणं जास्त सुरक्षित, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. पाच-दहा मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. रक्त फार जात असेल, ताप असेल, हिमोग्लोबिन कमी असेल तर हाच रस्ता बरा.

घरी पडलं आणि गाठींबरोबर पांढरट-करडं काही पडलं तर स्वच्छ डब्यात घेऊन डॉक्टरला दाखवा. तपासायला पाठवलं तर तो द्राक्षाच्या घडाचा प्रकार होता का ते कळतं. बघवत नाही, माहितीय. नवऱ्याला सांगा डबा धरायला, तेवढं त्यानं करावं.

नंतरचे दिवस

रक्त एक-दोन आठवडे कमी कमी होत जातं. परत वाढलं, ताप आला, वास आला तर थांबू नका. टेस्टवर दोन रेघा दोन-तीन आठवडे येऊ शकतात, गोंधळू नका, तीन आठवड्यांनी करा आणि तेव्हाही दोन आल्या तर डॉक्टरकडं. रक्त थांबेपर्यंत संबंध नको. पाळी साधारण चार ते आठ आठवड्यांत येते पण बीज त्याआधीच सुटतं, म्हणजे पाळी न येताच परत दिवस जाऊ शकतात, इतक्यात नको असतील तर काळजी घ्या. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको.

नोकरी करणाऱ्यांनी हे वाचाच, कारण शाळेत, एमआयडीसीत, दुकानात कुणी आपण होऊन सांगत नाही. गर्भपातानंतर ६ आठवडे पगारी रजेची तरतूद १९६१ च्या प्रसूती लाभाच्या कायद्यात होती, आता २०२५ पासून ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं आणि आधीच्या वर्षभरात ८० दिवस काम झालेलं लागतं. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल तर तिथूनही ६ आठवड्यांचा लाभ मिळतो, त्यांच्या अटी तिथं विचारून घ्या. डिस्चार्ज कार्डावर गर्भपात आणि तारीख स्पष्ट लिहून घ्या.

घरच्यांसाठी एवढंच. "लहानच होतं की", "होईल परत" हे बोलू नका. तिच्यासाठी ते लहान नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या डोहाळजेवणाला तिला मुद्दाम टाळू नका, ओटी भरायला तिचा हात चालत नाही असलं तर मनातही आणू नका. बोलवा, यायचं का नाही ते तिला ठरवू द्या. नवरा रडत नसला तरी त्याचंही गेलेलं असतं. दोन-तीन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण नाही, जगावंसं वाटत नाही असं बोलत असेल तर १४४१६ वर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला फोन करा, मराठीत बोलतात, फुकट आहे.

परत दिवस राहायच्या वेळी

एक पाळी होऊन गेली, हिमोग्लोबिन वर आलं, मन तयार झालं की पुढचा विचार करायला साधारण हरकत नसते, वर्ष थांबायची गरज नाही. द्राक्षाचा घड किंवा मेथोट्रेक्सेट झालं असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तितकं थांबायचंच. रोजची फॉलिक अ‍ॅसिड ४०० मायक्रोग्रॅम आधीपासून सुरू करा, शुगर थायरॉईड तपासून घ्या, मिश्री सोडायची ती आत्ताच.

एकदा गेलं म्हणून महागड्या तपासण्यांच्या मागं लागू नका, पुढचं नीट होण्याचीच शक्यता जास्त. दोन-तीन वेळा गेलं असेल तर मात्र कारण शोधायचं: पिशवीचा आकार, थायरॉईड, शुगर, नवरा-बायकोचे क्रोमोसोम, आणि एपीएस नावाच्या, रक्तात गाठी करणाऱ्या आजाराची रक्ततपासणी, जी पॉझिटिव्ह आली तर १२ आठवड्यांनी परत करून खात्री करतात. एपीएस निघालं तर अ‍ॅस्पिरिनचा बारीक डोस आणि हेपरिनची इंजेक्शनं यावर बऱ्याच जणींना बाळ होतं. मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी लग्न झालं असेल तर तेही सांगा. टॉर्च नावाची काही इन्फेक्शनांची तपासणी आपल्याकडं सगळ्यांना सर्रास लिहून देतात, वारंवार गर्भपातात तिचा काही उपयोग नाही, त्या पैशात थायरॉईड आणि एपीएस करा.

आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली की सहाव्या-सातव्या आठवड्यात एक सोनो, गर्भ पिशवीतच आहे ना एवढं बघायला. आधी नळीत राहिलेलं असेल तर तेवढंही थांबायचं नाही, पाळी चुकली की त्याच आठवड्यात डॉक्टरला फोन.